उकंडाचं सातवं कार्ड

तो पाण्यात उतरला असेल, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

वर्गात फळ्याकडे तोंड करून गणित लिहिताना, भाकरी थापताना, मला तेच दिसतं. डोंगरांच्या मधोमध एक तळं, मी कधी न पाहिलेलं. काठावर त्याचा मित्र जनार्दन कपडे मांडीवर घेऊन बसलेला, आणि माझा मुलगा पाण्यात चालत निघालेला. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. त्यापुढचं मला दिसत नाही.

त्याला पोहता येतं. आमच्या धाड गावात कुणालाही विचारा. पण तो विहिरीत पोहायला शिकला. विहिरीत चार हात मारले की काठ येतो. दमलेला माणूस भिंतीचा दगड धरतो, वर कोणीतरी उभं असतं, दोर सोडायला. सलग पंधरा-वीस हातांच्या वर तो आयुष्यात कधी पोहलेला नाही, कारण तेवढं पाणीच आमच्याकडे नाही. हे त्याच्या कधी लक्षात आलं नसेल. माझ्याही तो गेल्यावर आलं.

शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव दिवाकर तुळशीराम असं आहे. ते मी ठेवलं. गावात त्या नावाने त्याला कोणी ओळखत नाही. गावाला तो उकंडा.

त्याच्या आधीची माझी दोन मुलं गेली. पहिला अकरा दिवसांचा असताना, दुसरी चार महिन्यांची. अमरावतीला बी.ए. करून मी या घरात आले होते. माझे वडील माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा धंदा करणारे, पण मुलींनी शिकलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. इकडे नवरा मॅट्रिक, चार एकर वांगी-मिरचीचा मळा, आणि सासू झुंबरबाई, माझ्या आत्याबाई. तिसऱ्या वेळी बाराव्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. बाळाला सुपात घातलं, मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि वळून चालू लागल्या. दहा पावलं गेल्यावर थांबल्या, परत फिरल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अवं बाई, हे कोनाचं लेकरू टाकलं इथं? कोनाचंच नाही काय? मंग मी घेतो बाप्पा." त्यांनी त्याला उचललं, कपाळाला उकिरड्याची माती लावली आणि नाव सांगितलं, उकंडा, म्हणजे उकिरडाच. मेलेल्या मुलांच्या पाठीवर जो होतो त्याला असं नाव द्यायचं, म्हणजे मरणालासुद्धा त्याची किळस यावी. आमच्या गल्लीतला शिंपी कडूबा हाही असाच, चार भावांमागचा.

मी दारात उभी राहून रडत होते, रागाने. सहा वर्षांनी शाळेत नाव घालायला मी एकटी गेले आणि दिवाकर लिहून आले. आत्याबाई मला एवढंच म्हणाल्या, "तू शिकेल हायेस. पण त्याले ऐकू गेलं नाही पाह्यजे, मास्तरीन." त्याले म्हणजे कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

उकंडा वाढला तो विहिरींच्या काठावर. बादली पडली, घागर पडली, एकदा तर कुणाची चांदीची वाटी पडली, की लोक गळ टाकण्याआधी आमच्या दारात. "उकंडा हाय का घरी?" हा जेवत असला तरी उठायचा. शर्ट माझ्या हातात द्यायचा, काठावर बसून तीनदा श्वास घ्यायचा आणि सरळ खाली. मी कधी बघायला गेले नाही. घरात बसून आकडे मोजायचे. साठ झाले की मला दारात यावंच लागायचं.

एक वाईट खोड होती. विचार करत असला की हाताशी असेल त्या कागदाचा कोपरा फाडायचा, त्याची बारीक सुरळी करायचा आणि दाताखाली धरायचा. त्याची एकही वही चौकोनी नव्हती. यावरून त्याने आजीच्या हातचा मार खाल्ला आहे. आमच्याकडे ज्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो त्यात कोणाच्या तरी मरणाची बातमी असते. असं पत्र दारातच वाचायचं, तिथेच फाडायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. पोस्टमनही ते पालथं करून हातात देतो आणि न थांबता निघतो. आत्याबाई वही हिसकावून घ्यायच्या. "काऊन फाडतं बे कोपरे? घरावर काय बोलावतं?" तो म्हणायचा, "आजी, ही भूगोलाची वही आहे. मरन येईन तं जपानमध्ये येईन."

बहात्तरच्या दुष्काळात त्याचं कॉलेज नावापुरतंच राहिलं. गावातल्या सगळ्या विहिरी एक एक करून आटल्या. ज्यांच्यात तो बुडी मारायचा त्यांच्यातच तो दोराने उतरून गाळ भरत होता. संध्याकाळी यायचा तेव्हा पापण्यांवरही गाळ असायचा. एकदा म्हणाला, "आई, तळ पाहिला मी सगळ्या विहिरींचा. चांगलं नाही वाटलं. माणसाला उघडं पाहिल्यासारखं वाटलं." 

त्याच वर्षी कधीतरी जनार्दनने त्याला एक मासिक दाखवलं. जनार्दन नांदुऱ्याच्या किसनरावांचा एकुलता एक मुलगा, कॉलेजात उकंडाच्याच वर्गात. मासिकात काश्मीरच्या डोंगरातल्या तळ्यांचे फोटो होते. खाली लिहिलं होतं, ही तळी बर्फाच्या पाण्याने भरतात. उकंडाने ते पान माझ्यापुढे धरलं. "म्हणजे पाऊस नाही पडला तरी भरतात?" मी म्हणाले, बर्फही पडावंच लागतं. तो म्हणाला, "ते पडतंच, आई. तिथं ते पडतंच." त्या पानाचाही कोपरा नव्हता.

या वर्षी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली आणि दोघांनी ठरवलं. महिनाभर जायचं, पाठीवर सामान घेऊन, पायी, तळ्यातळ्याने. मे महिन्यातला रेल्वेचा संप मिटला होता, गाड्या धावत होत्या. निकाल लागायला अवकाश होता. हे विडी पेटवून ओट्यावर गेले. आत्याबाई म्हणाल्या, "डोंगरात पानी राह्यते काय? पानी खाली राह्यते." नाही म्हणायचं ते मी म्हणायला हवं होतं. मी हो म्हणाले. दुष्काळानंतर त्याला पहिल्यांदाच कशाचा तरी आनंद झालेला मी पाहत होते.

पाठीवरच्या पिशव्या मीच शिवून घेतल्या, कडूबाकडे, छकड्याच्या जुन्या ताडपत्रीच्या. कडूबाने माप घेताना विचारलं, "बाई, हे बैलाच्या पाठीवर टाकाचं का पोराच्या?"

"पोराच्याच, काका," उकंडा म्हणाला. "पन वझं बैलाचं हाय."

"मंग खांद्यापाशी चिंध्या भरतो. बैलाच्या जुवाले भरतो तशा. काचनार नाही." आणि मला म्हणाला, "शेपटीले जागा ठेवू का, बाई?"

किसनराव मात्र नाही म्हणत होते. म्हणून मी स्वतः नांदुऱ्याला गेले. आडतीच्या दुकानात गादीवर बसलेले, शेजारी कुलूप लावलेल्या लाकडी पेटीत टेलिफोन. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, पानी पाहाले एवढ्या दूर काऊन जाऊन राह्यले हे? माह्या घरी विहीर हाय. फुकट दाखवतो दोघाईले."

मी हसले. मग ते गंभीर झाले. "जनाले पोहता येत नाही. येकच पोरगं हाय माहं."

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "माझा उकंडा बरोबर आहे. तो लोकांच्या बादल्या काढतो पाण्यातून. तुमच्या जनाला काही होऊ देईल का?"

त्यांनी मान हलवली. निघताना त्यांनी टेलिफोनचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, लागला तर असू दे म्हणून. नांदुरा सत्तावीस.

जाण्याआधी मी त्याला बारा पोस्टकार्डं दिली. बाराही कार्डांवर पत्ता मीच लिहून ठेवला, माझ्या अक्षरात, म्हणजे त्याने आळस करू नये. आणि बजावलं, कोपरे फाडायचे नाहीत, आजी घाबरेल. तो म्हणाला, "तू नाही का घाबरणार?" मी म्हणाले, मी असल्या गोष्टी मानत नाही.

सहा कार्डं आली. जम्मूचं, श्रीनगरचं, मग सोनमर्गहून चार. सहाव्यात त्याने लिहिलं होतं:

"आई, उद्यापासून वर. रस्त्यात पाच तळी आहेत, शेवटचं गंगाबल. वर पोस्ट नाही, गाव नाही, मेंढपाळ आहेत. पलीकडे उतरलो की सातवं कार्ड टाकतो. ते आलं की समज, उतरलो. दहा-बारा दिवस काही आलं नाही तर घाबरू नकोस. आजीला सांग, इथलं पाणी इतकं निळं आहे की धोतराला वेगळी नीळ द्यायला नको. कडूबाच्या चिंध्या फार कामाला आल्या. जना म्हणतो, तळ्यात उतरायचं नाही, हात लावला तरी बोटं बधिर होतात. मी म्हणालो, मग आलो कशाला?"

त्यानंतर मी सातव्या कार्डाची वाट पाहत होते. दहा दिवस झाले, बारा झाले, वीस झाले. रविवारी दोघे गाडीने नांदुऱ्याला उतरायचे होते. रविवार गेला. हे म्हणाले, गाड्यांचा काय भरवसा. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुलढाण्याकडून येणारी प्रत्येक एसटी थांबली की मी वर्गाच्या खिडकीशी. मुली खाली मान घालून हसायच्या, आणि मग त्यांनी हसणंही सोडलं.

आज बुधवार. दुपारी पोस्टमन पुंजाजी शाळेत टपाल घेऊन आले. गेले कितीतरी दिवस ते माझ्याकडे पाहत नव्हते, आमच्या दारात चहालाही थांबत नव्हते. हे आज माझ्या लक्षात आलं, कारण आज ते थांबले. टोपी काढून म्हणाले, "बाई, इचारावं का नाही तेच समजत नाही. ते कोनाचं होतं?"

"काय कोणाचं?"

"गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारचं. फाटक्या कोपऱ्याचं. तुमच्या आत्याबाईच्या हाती देलं मी."

मी विचारलं, "त्यावर काय लिहिलं होतं?"

"मी वाचत नाही, बाई. बाकी सगळे वाचतो, खोटं काऊन बोलू. पन तसलं कार्ड नाही वाचत. पालथं देतो अन निघतो."

"अक्षर कोणाचं होतं?"

"पत्त्याचं? तुमचंच," पुंजाजी म्हणाले.

माझंच. बाराही कार्डांवर माझंच. आत काय होतं, कोणी लिहिलं होतं, माझ्या मुलाने की जनार्दनने, हे त्या पत्त्यावरून जगात कोणालाही कळणार नव्हतं. तशी सोय मी स्वतः करून ठेवली होती.

मी हेडमास्तरांना न सांगता घरी आले. आत्याबाई ओसरीवर मुगाची डाळ निवडत होत्या.

"आत्याबाई, माझं कार्ड आलं होतं?"

"कोनतं कार्ड?"

"पुंजाजींनी दिलं ते."

"तो सतरा कागदं देते."

"फाटक्या कोपऱ्याचं."

त्यांचा हात डाळीत थांबला.  मग म्हणाल्या, "हाव. आलं होतं."

"कुठे आहे?"

"पोरगं जिथून घेतलं होतं तिथं देलं."

मला आधी समजलं नाही. त्यांनी परसाकडे मान वळवली तेव्हा समजलं.

"तुम्ही ते पुरलंत? मला न दाखवता?"

"तुले दाखवलं असतं तं तू वाचलं असतं. वाचलं की झालं मंग. ते काही पुसता येते?" त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "मले वाचता येत नाही, बरं झालं. मी उकंड्यावर गेली अन म्हटलं, माये, येकदा पोट्टं देलं तुनं मले. आता हे कागद घे अन हिशेब मिटव. पोट्टं राहू दे." मग म्हणाल्या, "नऊ दिवस झाले, कोनी आलं नाही सांगाले. म्हनजे ऐकलं तिनं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी ओरडले नाही. नऊ दिवस ही बाई रोज माझ्या हाताची भाकरी खाऊन, रोज मला "आलं का काही?" असं विचारून, हे पोटात घेऊन बसली होती. नऊ दिवसांत त्यांनी एकदाही देवाला दिवा लावला नव्हता. सुतकात लावत नाहीत. तेही मी पाहिलं होतं आणि म्हातारपण समजले होते.

मी परसात गेले. पाऊस नुकताच थांबला होता. उकिरडा महिनाभराच्या शेणाने, वांग्यांच्या देठांनी, राखेने भरलेला, वरून वाफ येत होती. आत्याबाईंनी दारातून जागा दाखवली, "तिथं नाही, अलिकडं." मी पदर खोचला आणि हातांनीच उपसायला लागले. हे मळ्यातून आले, काय चाललंय ते त्यांना आईने सांगितलं. त्यांनी फावडं घेतलं. मी म्हणाले, "फावडं नको, कार्ड फाटेल." मग तेही गुडघ्यावर बसले आणि हातांनी शेण उपसू लागले. शेजारची चांगुणा कुंपणावरून पाहत होती. तिने विचारलं, "काय हारपलं वं?" आम्ही उपसत राहिलो.

कार्ड सापडलं. जाड कागद, म्हणून अख्खं सापडलं. एक कोपरा नव्हता. मी ते हौदाच्या पाण्यात धरलं, बोटाने हलकं हलकं पुसलं. पिवळट कागद तपकिरी झाला होता, छापलेलं तिकीट तेवढं दिसत होतं. शाई गेली होती. पत्त्याच्या बाजूला माझ्या अक्षराची एक निळी छटा राहिली होती. दुसऱ्या बाजूला तेवढीही नव्हती. मी ते उन्हात धरलं असतं, पण ऊन नव्हतं. दिव्यापाशी धरलं, तिरकं करून पाहिलं. ओळी किती आहेत हेसुद्धा सांगता येत नव्हतं.

वीस वर्षं मी मुलींना सांगते आहे, पेन्सिलीने लिहू नका, पुसलं जातं.

तेव्हा सहा वाजून गेले होते, गावातला एकुलता एक टेलिफोन पोस्टात आणि पोस्ट बंद झालं होतं. हे म्हणाले, "सकाळी पाहू. वाईट राह्यलं असतं तं किसनराव गाडी करून आला असता. असली बातमी कोनी फोनवर सांगते काय? मानूस येते." ते खरं आहे. आमच्याकडे माणूस येतो. दारात उभा राहतो, पाणी दिलं तर घेत नाही, म्हणतो, जरा तब्येत बरी नाही, चला. माणूस आलेला नाही. मी त्या वाक्याला धरून संध्याकाळ काढली. कुणालाच जेवण गेलं नाही.

आता सगळीकडे सामसूम आहे. वीज मघाशीच गेली, कंदील घेऊन मी लिहायला बसले. झोप येणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्याच्याविषयी सगळं पहिल्यापासून लिहून काढावं असं वाटलं. आणि ती कोपरे फाडायची खोड लिहिताना माझा हात थांबला.

मी उठून त्याची पेटी उघडली. वह्या काढल्या. रसायनशास्त्र, भूमिती, सगळ्या तशाच, कोपऱ्याकोपऱ्याला खाल्लेल्या. मग मी सहा कार्डं काढून कंदिलापाशी एकापुढे एक ठेवली. त्याने माझं ऐकलं होतं. सहाच्या सहा चौकोनी होती, कोपरे धड. एकेक हातात घेऊन मी बोट फिरवलं. सहाव्या कार्डाचा उजवा खालचा कोपरा मात्र दुमडलेला आहे. दुमडून, नखाने दाबून, पुन्हा सरळ केलेला. फाडायला घेतलेला आणि मध्येच आठवण होऊन सोडलेला. "मग आलो कशाला?" हे वाक्य त्याच कोपऱ्यात संपतं.

म्हणजे सातव्या कार्डाचा कोपरा त्यानेच फाडला असेल. डोंगर उतरून आला असेल, दमलेला, काय लिहावं याचा विचार करत बसला असेल, आणि माझं बोलणं विसरला असेल. असं असू शकतं. किंवा जनार्दन एकटाच कुठल्यातरी पोस्टात बसला असेल, माझ्या अक्षरातला पत्ता पुढे ठेवून, आणि रीत म्हणून त्याने कोपरा फाडला असेल. तेही असू शकतं. किंवा गेला असेल तो जनार्दन. पाय घसरला असेल, थंडी बाधली असेल, आणि माझ्या मुलाने मला तसं कळवलं असेल. काही होऊ देईल का, असं मी किसनरावांना विचारलं होतं. मग नऊ दिवस त्या घराला माझ्याकडून एक शब्दही गेलेला नाही. तीन गोष्टी आहेत, आणि माझ्या हातात एका दुमडीशिवाय काही नाही. ती दुमड मी इतक्या वेळा चाचपली आहे की आता तीही पुसट व्हायला लागली आहे.

आणि रविवारपासून ते दोघे कुठे आहेत, याचं उत्तर त्या दुमडीत नाही.

आत्याबाई जाग्या आहेत. आतून त्यांचा आवाज आला, "लिहून काय होते वं? निज."

मी म्हणाले, "नांदुऱ्याला फोन करावा म्हणते."

त्या उठून बसल्याचं बाजेच्या आवाजावरून कळलं. "नको करू," त्या म्हणाल्या. "मानूस आला नाही अजून. काऊन बोलावतं त्याले?"

दुपारी मला त्यांचा राग आला होता. पण संध्याकाळी सहापासून मी तरी दुसरं काय केलं? पोस्ट बंद होतं, हे खरं. पोस्टमास्तर पोस्टाच्याच मागच्या खोलीत राहतात, हेही खरं, आणि ते मला सहा वाजताही माहीत होतं. रात्री तातडीचे कॉल लागतात, हेही माहीत होतं. त्यांनी कार्ड न वाचता पुरलं. मी चिठ्ठीवरचा नंबर पाठ असून गप्प बसले. किसनराव फोनवर "आम्ही येतो" म्हणतील, या एका शब्दाला मी भीत होते. येतो म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

हे बाहेर ओट्यावर आहेत. विडीचा वास येतो आहे, म्हणजे जागेच आहेत. त्यांना हाक मारते. टॉर्च त्यांच्या उशाशी असतो. पोस्टमास्तर चिडतील, चिडू देत. तुमच्या मुलीचं गणित मी शिकवलं आहे, असं सांगेन.

नांदुरा सत्तावीस. किसनराव झोपेतून उठून येतील, पेटीचं कुलूप काढतील. मी आधी जनार्दनचं विचारणार आहे, मग माझ्या मुलाचं. आणि ते "बाई, तुम्ही घाबरू नका, आम्ही येतो" असं म्हणाले, तर मी त्यांना सांगणार आहे, येऊ नका. काय असेल ते आत्ताच सांगा, मी ऐकते आहे.